मधे शिरायला वाट

ट्रस्टी रमणिकभाईंनी चिठ्ठी हर्षदाच्या की-बोर्डवर ठेवली. तिच्यावर तीन नावं होती.

"बेन, आ त्रण नाम उपर लई लो. आ शनिवारे."

सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या त्या धर्मादाय दवाखान्यात मोतीबिंदूची ऑपरेशनं फुकट होत, दर शनिवारी आठ. आधी यादी वहीत असायची आणि वहीत खाडाखोड व्हायची. म्हणून प्लेगनंतरच्या वर्षी ट्रस्टींनी कॉम्प्युटर घेतला आणि क्लास नुकताच संपवलेल्या हर्षदाला कामावर ठेवलं. यादीचा प्रोग्रॅम तिचाच होता.

"भाई, वर घेता येत नाही. नवीन नाव शेवटी लागतं, निघतं ते पहिलं. याला क्यू म्हणतात."

क्लासमध्ये तिला हे लवकर कळलं नव्हतं. सरांनी फळ्यावर चौकोन काढले होते, एक बाण सगळ्यात पुढच्याला, एक सगळ्यात मागच्याला. मधल्यांचं काय, असं ती विचारत राहिली. मधल्यांना कोणी हात लावायचा नसतो, सर म्हणाले, पुढचा निघाला की त्यांची पाळी जवळ येते. ते ऐकून तिला फार बरं वाटलं होतं.

रमणिकभाई रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "प्रोग्रॅम तें ज बनाव्यो ने? तो तू करी शके. चा मोकलुं छुं." आणि खरंच चहा पाठवला.

दुपारी तीनपर्यंत तिने ते केलं. शेवटापासून एकेक नाव मागच्या घरात ढकलायचं, की पुढे जागा होते. अकरा ओळी लागल्या. चूक एकही निघाली नाही.

तीन नावं वर बसली. एकोणचाळीसवरचे भटू सुका पाटील बेचाळीसवर गेले.

ते तिचे वडील. नाव घालायला खिडकीसमोर सगळ्यांसारखे उभे राहिले होते. लूमवरचा तुटलेला धागा दिसेना, तेव्हापासून घरीच होते. कारखान्याच्या शेठने त्यांची जागा दिवाळीपर्यंत राखली होती. दिवाळीआधी पाच शनिवार उरले होते. चाळीस माणसं.

आता एक नाव वर घेणं म्हणजे दोन बटणांचं काम होतं. हर्षदा हिरव्या अक्षरांकडे पाहत राहिली. काही वाटेल म्हणून तिने थोडी वाट पाहिली. मग पडदा बंद केला आणि साय धरलेला चहा पिऊन टाकला.

संध्याकाळी घरी शेजारच्या सरलाबाई आल्या होत्या. त्यांनाही आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. वडील त्यांना समजावत होते.

"नाव लिखी दे, सरलाबाई. यादी मन्ही पोरनी बनाडेल शे. बीचमा कोनी घुसाव नही."

सरलाबाईंनी हर्षदाकडे पाहिलं. "खरंच का गं?"

हर्षदाने पर्समधून पेन काढलं.

"पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली. "आणि वय."