खिशातले हात

पासाडेनातल्या त्या वाळूच्या मैदानात मंगळावर जाणाऱ्या गाडीची चाचणी चाले. नियम एकच: गाडी रुतो, कलंडो, तिला हात लावायचा नाही. मंगळावर कोण धरणार आहे? चाचणी घेणाऱ्या वाहानची बोटं नुसती शिवशिवायची, म्हणून तो कायम खिशात हात घालून उभा राहायचा.

आज मात्र उतारावर गाडी कलली आणि त्यानं झेप घेऊन ती धरली.

"घातलास घोळ," त्याची वरिष्ठ लॉरेन म्हणाली. "आता ती उलटली असती की सावरली असती, कसं कळणार? इतक्या वर्षांत कधी हात लावला नाहीस. आजच काय झालं?"

वाहाननं गाडी अजून सोडली नव्हती.

"काल माझी मुलगी तालिन सायकल शिकत होती. ती पडली तेव्हा मी शेजारीच होतो. हात खिशात घालून."