वळसा

मॅडिसन नदीतली ट्राउट माशांची पिल्लं हल्ली सरळ पोहत नाहीत. काळी पडलेली आपलीच शेपटी पकडायला जागच्या जागी गरगरतात आणि मरतात. रोग गाळातून पसरतो, म्हणून माझा नवरा लाइल नदीवरून आला की बूट धुऊनच घरात येतो.

आज तो तसाच आत आला.

"अरे, चिखल!"

"पुसशील गं," म्हणत तो टेबलाला वळसा घालून खुर्चीपाशी गेला. बसला नाही. पुन्हा वळसा घातला. मग पुन्हा.

"बस की आता, लाइल."

"बसतोच आहे," मान वळवून मागे बघत तो म्हणाला.

मी फडकं घेतलं आणि त्याच्यामागून जमीन पुसत निघाले. जमीन लख्ख झाली. वर पाहिलं तर तो खुर्चीत बसला होता. कॉफीसुद्धा पिऊन झाली होती.

"बस की आता, व्हर्ना."

"बसतेच आहे," मी मान वळवून म्हणाले.