फाटकावरचा आकडा

इंदुमतीच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी सूतगिरणीच्या फाटकावर मन मोजणारं यंत्र बसलं. एकही कामगार समाधानाशिवाय घरी जाणार नाही, असा मालकांचा शब्द होता. मनगट टेकवायचं, आकडा साठ भरला की फाटक उघडायचं.

एका दुपारी भावाचा फोन आला. "आबा तुझंच नाव घेत्यात. लगेच ये."

इंदुमतीने मनगट टेकवलं. अठरा. पुन्हा टेकवलं, तर अकरा.

"मगदूमसाहेब, बाप तिकडं मरणाच्या दारात, अन् मी समाधानी कशी होऊ?"

"फाटक माझ्या हातात नाही, इंदुताई. बसा, पाणी प्या," सुपरवायझर मगदूम म्हणाले. त्यांनी आत जाऊन तिच्या भावाला फोन लावला आणि हसत बाहेर आले. "आबा उठून बसलेत. चहात साखर कमी म्हणून सुनेवर ओरडतायत."

"तसलेच हायेत ते," म्हणताना इंदुमतीला हसू फुटलं. तिने मनगट टेकवलं, आकडा त्रेसष्ट झाला. ती पळत सुटली.

मगदूमांसाठी मात्र त्या संध्याकाळी फाटक उघडलं नाही. इंदुमतीचे वडील दत्तू रामा चौगुले त्याच दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वारले, हे भावाने त्यांना फोनवर सांगितलं होतं.