तिसरं प्रकरण

पुस्तक संपलं की सासूबाईंचं त्यातल्या कुणाशी तरी वाजायचंच. मागे तत्त्वज्ञानाचं जाडजूड पुस्तक संपलं, तेव्हा ‘मी कोण?’ या एका प्रश्नापायी त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. सासऱ्यांनी भाबडेपणाने ‘माझी बायको’ असं उत्तर दिलं आणि अबोला ओढवून घेतला.

सुनेला परगावी नोकरी मिळाली होती. नवऱ्याची ना नव्हती, पण सासूबाईंना सांगायचा धीर होत नव्हता, आणि आज तर होकार कळवायचा शेवटचा दिवस. सकाळपासून ती त्यांचा रागरंग बघत होती. नेमकी दुपारी त्यांची कादंबरी संपली. पुस्तक टेबलावर आपटत त्या म्हणाल्या, “काय बाई तरी ही. शेवटच्या पानावर बॅग उचलते आणि चालली नोकरीला.”

ओठांवर आलेलं गिळून सून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

“नवरा भला माणूस. सासू तोंडाची फटकळ, पण मनाने वाईट नाही. आणि ही अशी.”

“म्हणजे तिने जायला नको होतं?” सुनेने मान वर न करताच विचारलं.

सासूबाईंनी चष्मा काढला.

“जायला नको कशाला? तिसऱ्या प्रकरणातच बोलावणं आलं होतं की तिला. सासूला सांगायचं आणि निघायचं. ते सोडून अख्खं पुस्तकभर नुसती घड्या घालत बसली.”