दाराआडचा पाठ

आजही त्याने टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता. दाराला कान लावून ती उभी राहिली. आत चिडीचूप.

नवरा वायरमन. मागे एकदा घरबसल्या शिकायचा कोर्स घेतला आणि टीव्हीवरचे एक-दोन पाठ बघून सोडला. "ज्याला शंका विचारता येत नाही, तो मास्तर कसला? पुस्तक पाठवा म्हणावं, वाचून काढतो," म्हणाला होता. तोच आता रोज दुपारी कामं टाकून टीव्हीपुढे. वर म्हणे, "हा कोर्स पुस्तकातून येत नाही. बघूनच शिकावा लागतो."

"पण कसला कोर्स?"

"आधी मला नीट येऊ दे. मग सांगतो."

हल्ली तो तिच्याशी ओरडूनच बोलायचा. लेकीशी मात्र कुजबुजायचा. ती आली की दोघांचे ओठ मिटत. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकाही आताशा तोंडातल्या तोंडात बोलत. गल्लीला सगळं ठाऊक असणार, तिने ताडलं. शिलाई मशीनसुद्धा कशी गुपचूप चालायची, जणू तीही त्यांना सामील.

काल तिने फटीतून पाहिलं. पडद्यावर एक देखणी बाई बोटं नाचवत होती. आणि हा पन्नाशीचा बाप्या तिच्याकडे बघून हसत तश्शीच बोटं नाचवत होता.

आज तिने पिशवी भरून ठेवली होती. सोक्षमोक्ष लावायचा, नाहीतर सरळ भावाकडे निघायचं.

तिने दार लोटलं. त्याचे हात हवेतच थांबले.

"अहो, आवाज का बंद करता?"

"बंद कुठंय?"

"इतकं धडधडीत खोटं? सोडा आवाज. कळू दे मलाही, काय शिकवते ही भवानी."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने रिमोट उचलला. पडद्याखालची हिरवी पट्टी सरकू लागली.

"अजून."

पट्टी पुढे गेली. कुठेतरी लांब डास गुणगुणावा, तसं काहीसं तिला वाटलं.

"अजून सोडा म्हणते ना. भांडायचं तर मोकळेपणानं भांडा. हे कसलं छळणं?"

पट्टी टोकाला भिडली. त्याने रिमोट खाली ठेवला, डोळे पुसले. मग पडद्यावरच्या बाईसारखा, सावकाश, हात आपल्या छातीवर टेकवून तिच्याकडे नेला.

तेवढ्यात खिडकीत शेजारीण येऊन उभी राहिली, दोन्ही कान तळव्यांनी घट्ट दाबून.