साळूचा हात

अकोल्याजवळच्या एका प्रयोगशाळेत पंचफुला माकडं सांभाळायची. सुईसाठी धरपकड करायची नाही, असा नियम आला, तेव्हा तिनंच शेंगदाणे चारून साळू नावाच्या माकडिणीला पिंजऱ्यातून हात बाहेर द्यायला शिकवलं. आज प्रयोग संपला आणि डॉक्टर माकडांना कायमचं झोपवायचं इंजेक्शन भरून आले. “तुम्ही हाक मारा, मावशी. नाहीतर पिंजऱ्याची भिंत सरकवून तिला दाबावं लागेल.” “दाबू नका तिले, साहेब. लय भेते ते.” पंचफुलानं हाक मारली. साळूनं लगेच हात बाहेर दिला. सुई टोचली तरी तिनं तो मागं घेतला नाही. दुसऱ्या हातानं ती पंचफुलाच्या मनगटावर उवा शोधत राहिली. हळूहळू तिची बोटं थांबली. “त्रास झाला नाही तिला,” डॉक्टर म्हणाले. “अजून सात आहेत.” डोळे पुसून पंचफुला पुढच्या पिंजऱ्यापाशी गेली. “ये, माय,” तिनं हाक मारली.