हलवू नका

तांब्याच्या अणूला नायट्रोजनच्या दोन नांग्यांनी खेकड्यासारखं पकडणारं संयुग तिनं सहा वर्षांपूर्वीच बनवलं होतं. पण त्याची रचना एक्स-रेनं सिद्ध करायला स्फटिकाचा एक तरी खडा हवा होता, आणि बाटल्यांमधल्या निळ्या पाण्यात तो काही केल्या जमेना. "खडा नाही तर पीएचडी नाही," म्हणत सरांनीही हात झटकले. गेला महिनाभर तर तिनं त्या बाटल्यांचं कपाट उघडलंसुद्धा नव्हतं.

आज तिचं सामान न्यायला बाबा आले होते. कपाटाच्या दारावरची 'हलवू नका' ही चिठ्ठी तिनं स्वतःच टरकावली आणि नाव रद्द करायच्या अर्जावर सही करायला ऑफिसात गेली.

परत आली तेव्हा बेसिनपाशी सगळ्या बाटल्या उपड्या घातलेल्या होत्या. अगदी लखलखीत.

"दुसऱ्याची जागा सोडताना घाण ठेवून जाऊ नये, बाळा," बाबा दुमडलेल्या बाह्या खाली करत म्हणाले.

मग हसत पुढे म्हणाले,

"एका बाटलीनं मात्र घाम काढला. तळाला निळे निळे खडे घट्ट बसले होते. पण एकही ठेवला नाही बघ!"